डॉक्टरांच्या डोक्यात अजून थोड्या रेषा

सगळ्यात आधी एक गोष्ट साफ करून टाकते. मी आयुष्यात कोणालाही करंट दिलेला नाही. गोंदियात अजूनही बऱ्याच लोकांचा असा समज आहे की स्टेशनपलीकडच्या दवाखान्यात एक बाई होती, ती डोक्याला वायरी लावून शॉक द्यायची. ती बाई म्हणजे मी. भाजीबाजारात आजही एखादी म्हातारी मला ओळखते आणि नातवाला मागे ओढते. एवढी कीर्ती मिळवायला लोकांना निवडणुकीला उभं राहावं लागतं, मला नुसती वायर धरून उभं राहावं लागलं.

खरं सांगायचं तर आम्ही करंट देत नाही, घेतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या भाषेत बोलतात. ते बोलणं कवटी, कातडी आणि केस ओलांडून बाहेर येईपर्यंत इतकं बारीक झालेलं असतं, की घड्याळाचा सेलसुद्धा त्याच्यापुढे पैलवान वाटावा. ते पकडायचं, मोठं करायचं आणि त्याच्या लाटा कागदावर उमटवायच्या, एवढंच माझं काम. या तपासणीला ईईजी म्हणतात. ज्याला फिट येते त्याची ही तपासणी करतात. टेपने डोकं मोजायचं, पेन्सिलीने खुणा करायच्या, खुणेची जागा घासायची, पांढरी पेस्ट लावून त्यात एकेक वायर चिकटवायची, दोन वायरी कानाला लावायच्या आणि म्हणायचं, ‘डोळे मिटा.’ यावर माणूस हमखास विचारतो, ‘कायले?’

भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा झाला, त्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, मी या दवाखान्यात लागले. जिल्ह्याला कलेक्टर मिळाला आणि मला नोकरी. बी.एस्सी. फिजिक्स करून घरी बसले होते, तेव्हा अटी घालायची सोय नव्हती. डॉक्टरांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, ‘रक्त पाहून चक्कर येते का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ते म्हणाले, ‘चांगलं आहे. इथे रक्त नसतंच.’ डॉक्टर कमी बोलायचे आणि बोलले की असं बोलायचे. माणूस मात्र कामाला पक्का. दुपार टळेपर्यंत जेवायला न उठता त्यांनी पेशंट तपासलेले मी रोज पाहिले आहेत.

गिऱ्हाइकं एकेक नमुना यायची. एका राइस मिलच्या शेठला चक्कर यायची म्हणून डॉक्टरांनी ईईजी लिहून दिला. खुर्चीत बसल्यावर शेठने आधी दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘मैडम, इसमें दिमाग़ में क्या चल रहा है, सब दिखता है क्या?’ मी म्हटलं, ‘सब नहीं, थोड़ा थोड़ा.’ शेठ घाईने म्हणाले, ‘वो क्या है, मिसेस बाहर बैठी है. रिपोर्ट मेरे ही हाथ में देना.’ मी गंभीर चेहऱ्याने हो म्हटलं. त्यांच्या रिपोर्टमध्ये लाटा अगदी सपक आणि नॉर्मल होत्या. बाहेर जाऊन त्यांनी तो बायकोला स्वतःहून दाखवला, आणि पुढच्या दिवाळीला आम्हाला तांदूळ पाठवले.

पण माझा खरा वैरी म्हणजे तेल. तेलकट डोक्याला वायर नीट धरत नाही. धरली तरी सिग्नलमध्ये कचरा येतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगायची, येताना केस शाम्पूने धुऊन या. लोक ऐकायचे. इमानदारीने शाम्पू करायचे, आणि मग वरून चापून तेल लावून, भांग पाडून यायचे. कारण जिल्ह्याच्या गावी, एवढ्या मोठ्या डॉक्टरकडे जायचं, तर कोरडे भुरभुरे केस घेऊन कसं जाणार? घरात कोणी गेलंय की काय असं वाटेल ना. खोबऱ्याचं तेल त्यातल्या त्यात बरं. पण गावाकडून मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल लावून बाई आली की मी कपाळाला हात लावायची. डोकं घासून घासून माझा खांदा दुखायचा, आणि ती बाई शेजारणीला सांगायची, ‘मॅडम लई चांगली आहे वो, डोकं चोरून देते.’ ‘चोरून’ म्हणजे चोळून. आमच्या झाडीपट्टीत कित्येकांच्या तोंडी ‘ळ’चा ‘र’ होतो. पेशंटच्या डोक्यातलं मी काही चोरलेलं नाही, हेही या निमित्ताने साफ झालं.

सुरुवातीला मशीन कागदी होतं. शाईच्या पेना सरसर चालायच्या आणि कागदाचा ढीग पडायचा. मग कॉम्प्युटरवालं मशीन आलं. त्यानंतर काही वर्षांनी नागपूरहून पल्लवी मॅडम आल्या आणि माझं सुखाचं आयुष्य संपलं.

पल्लवी मॅडम इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या आणि मेंदूच्या नेटवर्कवर संशोधन करायच्या. त्यांना फिटच्या पेशंटचे आणि निरोगी माणसांचे ईईजी हवे होते. डॉक्टरांनी परवानगी दिली. मॅडम मला म्हणाल्या, ‘तुम्ही नुसत्या लाटा बघता. लाटांमधलं नातं बघा.’ मी म्हटलं, नाती बघण्यातच अर्धं आयुष्य गेलं माझं, ती काय नवीन गोष्ट आहे? पण त्या चिडल्या नाहीत. त्यांनी मला शिकवायला घेतलं. मी चाळिशीला टेकले होते आणि माझी शिकायची हौस बी.एस्सी.च्या निकालाबरोबरच संपली होती, तरी मी वही घेऊन बसले.

नेटवर्क न्यूरोसायन्स या जडजंबाळ नावाखाली जे काही आहे, ते सोपं करून सांगते. मेंदूतल्या एकेका जागेकडे बघायचं नाही, जागा-जागांमधली ये-जा बघायची. नकाशावर गोंदिया मोठं, जंक्शन मोठं. पण कोहमाऱ्याच्या चौकात एक ट्रक आडवा झाला, की गोरेगावची बस अडकते, देवरीची अडकते, साकोलीची अडकते. कोहमारा गाव ते केवढं! पण किती रस्ते तिथे येऊन मिळतात ते महत्त्वाचं. मेंदूतही असे कोहमारे असतात. त्यांना हब म्हणतात. ते शोधायचे.

आता रस्ता आहे हे ओळखायचं कसं? आपल्याला कवटीबाहेरून रस्ता दिसत नाही. म्हणून दोन वायरींच्या लाटा बघायच्या. त्या एकाच वेळी वर-खाली होतात का? होत असतील तर त्या दोन ठिपक्यांत रेष काढायची. इथेच पहिला खड्डा असतो आणि शिकणारा प्रत्येक जण त्यात पडतो. गोरेगावात आणि गोंदियात एकाच वेळी छत्र्या उघडल्या, म्हणून गोरेगावने गोंदियाला फोन करून छत्री उघडायला सांगितलं असं होत नाही. पाऊस दोन्हीकडे पडतोय, एवढंच. लाटा जुळल्या म्हणजे ओळख आहेच असं नाही. पल्लवी मॅडमनी हे मला पहिल्या दिवशी सांगितलं आणि मी ते लगेच विसरले.

अभ्यास म्हणाल तर इंटरनेटवरचे व्हिडिओ. त्यात एक गोरा पोरगा सुपरफास्ट गाडीच्या वेगाने इंग्रजी बोलायचा आणि म्हणायचा, हे अगदी सोपं आहे. त्याला सोपं असेलच, त्याला लाइट जायची भीती नव्हती. फुकटचं सॉफ्टवेअर उतरवायला बसलं की आमच्याकडे लोडशेडिंग सुरू व्हायचं. शेवटी एकदाचं ते चाललं. मी खुर्चीत बसलेल्या एका पेशंटच्या लाटा त्यात टाकल्या, आणि पडद्यावर डोक्याचा गोल आला. प्रत्येक ठिपका प्रत्येक ठिपक्याला जोडलेला. एकही रेष कमी नाही. असा एकोपा मी आमच्या गल्लीच्या गणपती मंडळातही पाहिला नव्हता. मला वाटलं, लावला शोध. मी नागपूरला फोन केला.

पल्लवी मॅडमनी शांतपणे विचारलं, ‘कानाची वायर बघितली का?’ बघितली. ती सुटून पेशंटच्या खांद्यावर लोंबत होती. बाकी सगळ्या वायरी त्या कानाशी तुलना करून मोजल्या जातात. कानच हलला तर सगळ्यांच्या लाटा एकसारख्याच हलणार. म्हणजे माझा शोध एका सुटलेल्या वायरीचा होता. मॅडम हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. मी मात्र फोन ठेवून स्वतःवरच खूप हसले, आणि मग थोडी रडलेसुद्धा, कारण मला खरंच वाटलं होतं की मला काहीतरी जमलं.

हळूहळू जमायला लागलं. चित्रं सुंदर यायची, निळ्या, पिवळ्या, लाल रेषांची. एक दिवस डॉक्टरांनी ती पाहिली आणि म्हणाले, ‘माझं काढा.’ मी काढलं. चित्र पाहून ते नाराज झाले. म्हणाले, ‘एवढ्याच?’ मी म्हटलं, ‘सर, घट्ट जोड्या तेवढ्याच दाखवल्यात.’ ते म्हणाले, ‘अजून थोड्या रेषा टाका ना.’ टाकल्या. अजून टाकल्या. शेवटी चित्र कोळ्याच्या जाळ्यासारखं भरगच्च झालं तेव्हा साहेबांचं समाधान झालं. ते फ्रेम करून त्यांनी पेशंट बसतात त्या हॉलमध्ये लावलं. खाली लिहिलं, ‘निरोगी मेंदू’. आणि हुकूम सोडला की यापुढे प्रत्येक रिपोर्टला असं रंगीत पान लावायचं. मी म्हटलं, याचा उपचाराला काही उपयोग नाही, हे अजून संशोधनात आहे. ते म्हणाले, ‘लोकांना बरं वाटतं.’ त्यांची नियत वाईट नव्हती. गोंदियात एक्स-रेसुद्धा काळापांढराच का, असं विचारणारे लोक आहेत.

आणि मग वनिता आली.

वनिता आमची जुनी पेशंट. शाळेत असल्यापासून फिट यायची, गोळीने थांबली होती. सडक अर्जुनीकडच्या एका गावात तिचं लग्न झालं, एक मुलगा झाला. माहेरच्यांनी सासरी आजार सांगितला नव्हता. त्यामुळे ती गोळ्या लपवून घ्यायची, तांदळाच्या कोठीत हात घालून, कोणी नाही असं पाहून. त्या वर्षी रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे भाताची लावणी चालू असताना, घर माणसांनी भरलं. कोठीपाशी सतत कोणीतरी. तिच्या गोळ्या चुकल्या, आणि बांधावर सगळ्या बायांसमोर तिला फिट आली.

तिच्यासोबत नवरा होता आणि सासू, शेवंताबाई. नवरा त्या दिवशी एकही शब्द बोलला नाही. बोलायचं काम शेवंताबाईंकडे होतं. वायरी लावताना वनिताने मला कुजबुजून सांगितलं, ‘मॅडम, आज डाक्तर काय म्हनते त्याच्यावर आहे सगळं. नाई तं मले माहेरी नेऊन सोडतेत आन् पोरगा ठेवून घेतेत. तो अजून माझ्याच कुशीत झोपते जी.’ हे सांगताना तिचे दात वाजत होते. तेही पावसाळी उकाड्यात. तिच्या केसांना टोरीचं तेल लावलेलं. सकाळी सासूनेच लावून दिलं होतं, एकाच बाटलीतलं, आधी स्वतःला आणि मग सुनेला. सोडायला न्यायचं असलं तरी सून गावातून नीटनेटकी निघाली पाहिजे ना! मी घासलं तेवढं घासलं, पण बाहेर गर्दी होती आणि डॉक्टर म्हणाले, होऊ द्या.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सरळ सांगितलं, ‘फिटचा आजार आहे. गोळी नियमित घ्यायची. संसार करता येतो, मूल तर झालेलंच आहे. लपवालपवी मात्र नको.’ याहून चांगलं कोणी सांगू शकलं नसतं. शेवंताबाईंनी मान डोलावली. वनिताच्या चेहऱ्यावर रंग आला. मग शेवंताबाई हॉलमध्ये आल्या, रिपोर्टचं रंगीत पान उघडलं, आणि फ्रेमसमोर उभ्या राहिल्या.

‘मॅडम, हा फोटो कोनाचा जी?’

‘आमच्या डॉक्टरांच्या डोक्याचा.’

‘आन् हा?’

‘वनिताचा.’

‘त्याच्यात तं मस्त जाळं आहे. हिच्यात काऊन काहीच नाई? चार रेघा. बाकी सप्पा रिकामं.’ मग त्या आपल्या मुलाकडे वळल्या. ‘पाह्य रे, रिकाम्या डोक्याची बाई देली आपल्याले.’

मी म्हटलं, ‘बाई, डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं ना, काही काळजी नाही म्हणून?’

‘डाक्तर तं बोलनारच. मानूस मन राखाले बोलते. फोटो कायले खोटा बोलन?’

मी समजावायला लागले. तेलामुळे सिग्नल बिघडतो, दोन लाटांचा संबंध, जोडीचा घट्टपणा, सगळं सांगितलं. मला स्वतःला जेवढं कळलं होतं त्याच्यापेक्षाही जास्त सांगितलं. शेवंताबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जशी मी त्या इंटरनेटवरच्या गोऱ्या पोराकडे बघायची. नवरा पिशवी उचलून उभा राहिला. वनिता बाकावर तशीच बसली होती आणि रडतही नव्हती. मला इतका संताप आला! स्वतःच काढलेल्या चित्रावर एवढा राग मी आधी कधी केला नव्हता.

मग मला सुचलं. मी गोड आवाजात विचारलं, ‘शेवंताबाई, तुम्हाला कधी फिट, चक्कर, काही?’

‘मले? मले तं तापबी नाई येत.’

‘मग आमच्या नागपूरच्या मॅडमना निरोगी माणसांचे फोटो पाहिजेत. तुमचा काढू का? फुकट आहे.’

‘फुकट’ कानावर पडताच त्या थांबल्या. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, ‘काढा, पण करंट देऊ नका.’ साहेबांचा तो त्या वर्षातला बहुतेक एकमेव विनोद होता.

शेवंताबाई खुर्चीत ऐटीत बसल्या. मी त्यांना सगळं सांगून सही घेतली आणि वायरी लावल्या. डोकं तेलाने निथळत होतं. मी सुनेचं घासलं होतं तेवढंच घासलं, बरोबर तेवढंच. मग सुनेला लावलेली घट्टपणाची अट ठेवूनच चित्र काढलं आणि पडद्यावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. एकात चार रेषा होत्या. दुसऱ्यात त्याहूनही कमी.

‘हा कमीवाला वनिताचा काय?’ शेवंताबाईंनी विचारलं.

‘नाही. तो तुमचा.’

मग नवऱ्याच्या तोंडून हसू फुटलं आणि आईने पाहिल्याबरोबर आत गेलं.

मी म्हटलं, ‘घाबरू नका. आता बघा.’ सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी असते. जोडी किती घट्ट असली तर रेष काढायची, ती अट त्या पट्टीवर ठरते. मी ती सरकवली. वनिताच्या डोक्यात रेषा उगवल्या, शेवंताबाईंच्याही उगवल्या. अजून सरकवली, दोन्ही डोकी भरून गेली. परत मागे आणली, दोन्ही रिकामी. मी म्हटलं, ‘पस्तीस मार्काला पास धरलं तर अख्खा वर्ग पास. ऐंशीला धरलं तर सगळे नापास. पोरं तीच, पेपर तेच. आमच्या डॉक्टरांचा निकाल पस्तीसवर लावलाय. तुमच्या सुनेचा ऐंशीवर.’

शेवंताबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, ‘मंग खरा कोनता जी?’

‘तेच तर शिकून राहिले मी.’

‘म्हंजे तुमालेच नाई माहीत.’

‘नाही.’

‘मंग लोकाइले फोटो देता कायले?’

मी तो प्रश्न जसाच्या तसा डॉक्टरांपर्यंत पोचवला, आणि रिपोर्टला रंगीत पान लावणं बंद झालं. फ्रेम मात्र राहिली. तिच्याखालची ‘निरोगी मेंदू’ ही पाटी तेवढी त्यांनी स्वतः काढली. पल्लवी मॅडमना मी सगळी हकीकत कळवली, तर त्या म्हणाल्या, ‘त्या बाईंनी पहिल्याच दिवशी जो प्रश्न विचारला, त्यावर लोक वर्षानुवर्षं भांडताहेत.’

पण ते नंतरचं. त्या दिवशी शेवंताबाईंनी पदर सावरला, डोक्यावरची पेस्ट पुसली आणि म्हणाल्या, ‘चाल वो वनिता. बस निंगून जाईन. पोरगा रडत असन.’

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. खोटं कशाला सांगू, मी स्वतःवर भलतीच खूश झाले. एवढी वर्षं वायरी चिकटवल्या त्याचं सार्थक झालं, एक संसार वाचवला, वगैरे वगैरे. आता वनिता पाया पडेल आणि मी ‘अगं राहू दे, राहू दे’ म्हणेन, इथपर्यंत मी मनात पोचले होते.

वनिता उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पाया वगैरे काही पडली नाही.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘आत्याबाईचा फोटो भरून निंगाला असता तं?’

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. शेवंताबाई दारात थबकल्या. नवरा जमिनीकडे बघायला लागला.

तिने उत्तराची वाटही पाहिली नाही. कंबरेला खोचलेला रुमाल सोडला, त्यातून गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी फोडून तळहातावर घेतली. कोपऱ्यातल्या माठातून गिलास भरला आणि तो सासूपुढे केला.

‘धरा जी, आत्याबाई. सकाळची राहिली आहे.’

शेवंताबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा बाहेर बसलेल्या पेशंटकडे पाहिलं, आणि गिलास हातात धरला. वनिताने गोळी सगळ्यांना दिसेल अशी जिभेवर ठेवली. मग सासूच्या हातातून गिलास घेतला आणि जराही घाई न करता, तळ दिसेपर्यंत पाणी प्यायली.